रोबो तर आला, पण पहिला पेशंट कुणाच्या भरवशावर?

हर्नियाची ऑपरेशनं रोबोवर (रोबोटिक सर्जरीच्या मशीनवर) करण्याबद्दल एका सर्जनचं पत्र आलंय, थोडं छोटं करून देतो:

"सर नमस्कार. मी नागपूरचीच. मेडिकलमधून (इथल्या सरकारी कॉलेजातून) एमएस जनरल सर्जरी करून सहा वर्षं झाली, सध्या धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात आहे. ओपन हर्निया भरपूर केलेत. लॅप टेप, टॅप (जांघेच्या हर्नियाची दुर्बिणीची ऑपरेशनं) करते, पण केस अवघड निघाली की अजून सिनियरना हाक मारावी लागते. पोटाच्या मोठ्या इन्सिजनल हर्नियात (जुन्या ऑपरेशनच्या जागी उठलेल्या) असिस्ट केलंय, टार (पोटाची भिंत सैल करून मोठं भोक बंद करायचं ऑपरेशन) एकटीने कधी केलं नाही. आता आमच्याकडे रोबो आलाय आणि मॅनेजमेंट म्हणते कंपनीचं दोन दिवसांचं ट्रेनिंग करून ये आणि पुढच्या महिन्यापासून हर्निया रोबोवर चालू कर, महिन्याला ठरलेल्या केसेस झाल्याच पाहिजे. सिनियर म्हणतात हे सगळं फॅड आहे, हर्नियाले रोबो कायले पाहिजे. मैत्रीण म्हणते बाहेर जाऊन वर्षभराची फेलोशिप कर. पण मुलगी दोन वर्षांची आहे, सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे, वर्षभर घर सोडणं मला जमणार नाही. नाही म्हटलं तर माझ्याहून ज्युनियर एक मुलगा तयारच बसलाय. काय करू?"

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो, कारणं मागून. रोबो शिक, नक्की शिक, आणि त्यासाठी वर्षभर घर सोडायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. पण पुढच्या महिन्यात दोन दिवसांच्या सर्टिफिकेटवर स्वतःच्या नावाने केस लावू नकोस, आणि टार तर रोबोवर आत्ता मुळीच नाही. ह्या दोन गोष्टींवर कुणी कितीही गोड बोललं तरी मागे सरकायचं नाही.

आता ते दोन दिवस. कंपनीचं ट्रेनिंग वाईट असतं असं मी म्हणून नाही राहिलो. ऑनलाइन मॉड्यूल असतात, सिम्युलेटरवर तास भरायचे असतात, मग मशीन प्रत्यक्ष हाताळायला मिळतं, आर्म कसे लावायचे, डॉकिंग (मशीन पेशंटला जोडणं) कसं करायचं, इन्स्ट्रुमेंट कसं बदलायचं, मशीनने एरर दिला तर काय, मग लॅबमध्ये टिश्यूवर काम, कुणाच्या तरी केसेस बघणं आणि शेवटी पहिल्या काही केसेसना प्रॉक्टर, म्हणजे ह्यात मुरलेला सर्जन, शेजारी. सगळं लागतंच. पण ते मशीन चालवण्याचं शिक्षण आहे, जांघेतली प्रीपेरिटोनियल (पोटाच्या आतल्या पडद्यापुढची) जागा कशी उघडायची हे तुला आधीच येतं असं धरूनच ते पुढे जातात. ह्या डॉक्टरला मशीन वापरता येतं, एवढंच ते सर्टिफिकेट सांगतं. ही डॉक्टर हर्निया नीट करते का हे तपासायची जबाबदारी हॉस्पिटलची, आणि खरं सांगायचं तर ती जबाबदारी आपल्याकडे फारसं कुणी अंगावर घेत नाही, कागद फाइलला लागला की परवानगी मिळाली असंच धरतात.

तुझ्या सिनियरचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं तू मनापासून ऐकायला हवं. २०२० साली जामा सर्जरी ह्या जर्नलमध्ये रायव्हल नावाची अमेरिकन ट्रायल आली, १०२ पेशंट, जांघेचा हर्निया, लॅप टॅप की रोबो टॅप हे रँडमाइज करून, चिठ्ठी टाकल्यासारखं, ठरवलेलं. दुखण्यात फरक नाही, हिंडण्याफिरण्यात फरक नाही, वेळ मात्र लॅपला साधारण ४० मिनिटं आणि रोबोला ७५, खर्च जास्त, आणि सर्जनची चिडचिडसुद्धा रोबोवर जास्त नोंदली गेली. त्याच वर्षी बीएमजे जर्नलमध्ये पोटाच्या हर्नियाची, लॅप की रोबो अशीच ट्रायल आली, १२४ पेशंट, पहिल्या ९० दिवसांत पेशंट हॉस्पिटलात किती दिवस राहिला हे दोन्हीकडे जवळपास सारखंच, ऑपरेशनचा वेळ मात्र ७७ मिनिटांवरून १४१ वर गेला. तेव्हा एका बाजूचा, पहिल्यांदाच झालेला जांघेचा हर्निया घेऊन कुणी आला आणि तुमच्या ब्रोशरमध्ये "रोबोने कमी वेदना, लवकर बरे" असं छापलेलं असेल तर ते खरं नाही, आणि ते तुझ्या तोंडून कधी जायला नको.

पण सिनियर जिथे चुकतात ते पण सांगतो. पोटाच्या पुढच्या भिंतीचं काम वेगळं आहे. आतून काम करताना ती भिंत आपल्या डोक्यावर असते, छताला टाके घालावे तसे वर बघत शिवायचं, आणि लॅपच्या सरळ काठीने ते करताना भल्याभल्यांचा खांदा भरून येतो. म्हणून लॅपमध्ये कितीतरी वर्षं आपण भोक न शिवताच आतून जाळी लावून टॅकर (जाळी धरून ठेवणारे छोटे खिळे) मारत आलो, तीही आतड्याला चिकटू नये म्हणून कोटिंग असलेली महागडी जाळी. रोबोचं मनगट वळतं, म्हणून भोक शिवता येतं, रेक्टसच्या (पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूच्या) मागची जागा उघडता येते, तिथे साधी पॉलिप्रोपिलीनची मोठी जाळी बसते आणि टॅकरची गरज बहुतेक वेळा पडत नाही. अमेरिकेतल्या हर्निया रजिस्ट्रीतून २०१८ मध्ये जी तुलना आली तिच्यात रेक्टसमागच्या रिपेअरला ओपनमध्ये हॉस्पिटलातला मुक्काम मध्यक ३ दिवस होता, रोबोने २. ती रँडमाइज्ड नव्हती, हे लक्षात ठेवूनच वाचायची. तरी पण माझ्या मते रोबोची खरी जागा इथेच आहे, आणि ही जागा नागपूरसारख्या शहराला फार लागते, कारण चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याकडून आपल्याकडे जे येतात ते एकदा, दोनदा, कधी तीनदा ऑपरेशन होऊन परत फाटलेली पोटं घेऊन येतात.

आता गोम कुठे आहे बघ. ज्या केसमध्ये पेशंटला रोबोचा फायदा सगळ्यात कमी, ती साधी जांघेची केस, तीच शिकायला सगळ्यात योग्य. मोठ्या पोटाच्या केसवर हात बसवायला निघालीस तर पेशंटचं वाटोळं व्हायची भीती, आणि साध्या केसवर बसवलास तर त्या पेशंटला मिळतं काय, तर लांबलेलं अनेस्थेशिया आणि वाढलेलं बिल. शिकण्याचा फायदा तुझा, हॉस्पिटलचा आणि पुढे येणाऱ्या पेशंटचा. ह्यावर मला एकच रस्ता प्रामाणिक वाटतो, शिकण्याच्या काळातल्या केसेसचे रोबोचे जादा पैसे पेशंटने द्यायचे नाहीत, हॉस्पिटलने सोसायचे. मशीन त्यांनी घेतलं, सर्जन तयार करणं हा त्याच खर्चाचा भाग आहे. इन्स्ट्रुमेंट ठराविक वेळाच वापरता येतात, मग फेकावी लागतात, त्यामुळे दर केसला खरा खर्च पडतो हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच तो कुणाच्या डोक्यावर टाकायचा हे आधी ठरलं पाहिजे, डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर नाही.

आणि पेशंटला सांगायचं कसं, तर असं सांग: "काका, तुमचा हर्निया दुर्बिणीनेही तेवढाच चांगला होतो. आम्ही तो रोबोवर करायला शिकतोय, माझ्या शेजारी ह्यात मुरलेले डॉक्टर पूर्ण वेळ असतील, वेळ थोडा जास्त लागेल, पैसे दुर्बिणीचेच लागतील. नको असेल तर दुर्बिणीने मीच करीन, तुमच्यावर राग नाही." काही लोक नको म्हणतील. म्हणू दे. जे हो म्हणतील ते समजून हो म्हणतील. आणखी एक, कितीतरी लोकांना अजून वाटतं की मशीन आपल्या आपण ऑपरेशन करते आणि डॉक्टर बाजूला उभा राहतो, तो गैरसमज पहिल्याच भेटीत काढून टाक, हात तुझाच आहे हे त्यांना कळलं पाहिजे. इन्शुरन्सवाल्यांना विचारायला पण आधीच सांग. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये रोबोटिक सर्जरी कव्हर करायला सांगितलं हे खरं, पण पॉलिसीत सबलिमिट (त्या इलाजापुरती वेगळी कमी मर्यादा) असू शकते, आणि ती सबलिमिट पेशंटला बऱ्याचदा बिल हातात पडल्यावर कळते.

आता तुझ्या हाताकडे येऊ. तू लिहिलंस की टेप-टॅपला अजून कधीमधी हाक मारावी लागते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये लॅप जांघेच्या हर्नियाचा लर्निंग कर्व्ह ५० ते १०० केसेसचा धरलाय आणि त्यातल्या पहिल्या ३० ते ५० सगळ्यात जोखमीच्या म्हटल्यात. तुझं रजिस्टर काढ आणि मोज, असिस्ट केलेल्या वगळून, स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेल्या. आकडा कमी निघाला तर पुढचे काही महिने लॅप वाढव, रोबोचं सिम्युलेटर त्याच्यासोबत चालू दे. काही लोक म्हणतात लॅप न शिकता सरळ ओपनवरून रोबोवर जाता येतं, आणि काहींना ते जमतंही. पण आपल्या भागात रोबो बंद पडला, पेशंटला परवडला नाही, नाहीतर रात्री दोन वाजता अडकलेला हर्निया आला तर तुझ्याजवळ लॅप आणि ओपन हेच राहणार, म्हणून मला तो रस्ता पटत नाही.

जांघेत तुला काय दिसलं पाहिजे हे मशीनवर अवलंबून नाही. डाएस आणि फेलिक्स यांनी २०१७ मध्ये मायोपेक्टिनियल ओरिफिसचा, म्हणजे जांघेतल्या ज्या जागेतून हर्निया बाहेर येतात तिचा, क्रिटिकल व्ह्यू मांडला, तो छापून ओटीच्या भिंतीवर लाव. प्युबिक सिम्फिसिस आणि कूपरचं लिगामेंट स्वच्छ दिसतंय का, ब्लॅडर खाली गेलाय का, डायरेक्ट आहे का, फीमोरलकडे बघितलं का, हा प्रश्न तर बायकांमध्ये दोनदा विचारायचा, इनडायरेक्ट सॅक कॉर्डवरून पुरेसा मागे घेतला का, कॉर्डचा लिपोमा राहून गेला का. हे सगळं झाल्याशिवाय जाळीचं पाकीट फोडायचंच नाही, आणि जाळी किमान १० बाय १५ सेंटिमीटरची. पाकीट फोडायच्या आधी थांबून हे सगळं मोठ्याने बोलून दाखवायची सवय लाव, टेबलावरच्या पोराला पण त्यातून शिकायला मिळतं. जाळीखाली घडी आलेली असली, पेरिटोनियमची कड वर सरकत असली तर ते लॅपवर जेवढं चूक तेवढंच रोबोवर, फक्त रोबोवर ते थ्रीडीमध्ये छान दिसतं.

एक फरक मात्र खरोखर मोठा आहे, स्पर्श. बहुतेक रोबोंवर टिश्यू किती ताणला जातोय ते बोटांना कळत नाही. टाका किती ओढला, आतडं किती जोरात धरलं, हे डोळ्यांनी वाचावं लागतं, टिश्यू पांढरा पडतोय का, धागा ताणून वाकतोय का, कड फाटायला लागली का. सिम्युलेटरवर गुण येतात त्यात अति जोर आणि इन्स्ट्रुमेंट नजरेबाहेर गेलं हे दोन आकडे असतात, माझा सल्ला आहे की तू वेळेच्या आकड्याकडे बघूच नको, आधी हे दोन शून्याजवळ आण. आपण पोरापोरांत शर्यत लावल्यासारखे वेळ कमी करत सुटतो आणि नको ती सवय हाताला लावून घेतो. घरी एक बॉक्स ट्रेनर ठेव, साधा डबा आणि वेबकॅमवर पण होतो, मुलगी झोपली की अर्धा तास आतली गाठ बांधत बस. रोज, सुट्टीच्या दिवशी दोन तास बसण्यापेक्षा रोज.

आता टार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पोटाच्या बाजूचा सगळ्यात आतला आडवा स्नायू, ट्रान्सव्हर्सस, तो मोकळा करून मागचा थर सैल करायचा म्हणजे मोठं भोक ओढून मधे आणता येतं. २०१२ मध्ये नोव्हित्स्की यांनी मांडलेलं हे ऑपरेशन, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत पोटाच्या भिंतीसाठी आलेली ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात धोकादायक गोष्ट आहे. धोका कशात, तर लिनिया सेमिल्युनॅरिसच्या (रेक्टसच्या बाहेरच्या कडेच्या) आत, नसांच्या गड्ड्यांच्या आतल्या बाजूने जायचं असतं, आणि थोडं बाहेर सरकलीस तर तीच सेमिल्युनॅरिस कापली जाते. मग मधला हर्निया बरा करता करता बाजूला नवा तयार होतो आणि तो दुरुस्त करायला कुणाकडे सोपा उपाय नाही. नसा कापल्या तर रेक्टस लुळा पडतो, पेशंट म्हणतो गाठ तर तशीच आहे डॉक्टर. हे ओपनमध्ये डोळ्यांनी बघून, बोटाने थर ओळखून शिकायचं असतं. ओपन टार कुणाच्या हाताखाली स्वतः केलेले असल्याशिवाय रोबोवर टार करू नये हा माझा नियम आहे. मेडिकल, मेयो, एम्स, नागपुरात तिन्हीकडे अनॅटॉमी विभाग आहेत, रीतसर अर्ज कर, परवानगी काढ, कॅडॅव्हरवर मागचा थर उलगडून बघ, रेक्टस शीथ आणि ट्रान्सव्हर्सस कुठे मिळतात, वर बरगडीखाली स्नायू आत कसा सरकतो, खाली आर्क्युएट लाइननंतर काय उरतं. एका दुपारी जेवढं कळेल तेवढं दहा व्हिडिओ बघून कळायचं नाही.

आणि टार करायला शिकण्याआधी टार कधी नको ते शीक. सीटीवर दोन्ही रेक्टसची रुंदी मोजून बेरीज कर, भोकाच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त आली तर बहुतेक वेळा रेक्टसमागच्या रिपेअरवर काम भागतं. हे मोजमाप रेडिऑलॉजिस्टवर सोडू नको, स्वतः कर. आज कितीतरी ठिकाणी टार केलं जातं ते लागतं म्हणून नाही, येतं हे दाखवायला म्हणून, आणि ह्याचं मला फार वाईट वाटतं. पेशंट सिगारेट-बिडी ओढतो तर किमान चार आठवडे बंद, साखर आटोक्यात, वजन कमी होण्यासारखं असेल तर थांबायचं. मोठ्या पोटाच्या हर्नियात थांबायला जो सर्जन तयार नाही त्याच्या हातात रोबो देऊन काही सुधारत नाही.

ईटेपने, म्हणजे पोटाच्या पोकळीत न शिरता, रेक्टसच्या मागे गेलीस तर एका गोष्टीला जप. मधली रेघ ओलांडताना लिनिया अल्बा (दोन रेक्टसमधला पांढरा पट्टा) कापली जाऊ नये, आणि मागच्या थराला जिथे जिथे फट पडली तिथे तिथे शिवायची, कितीही छोटी असो. न शिवलेल्या फटीतून आतडं जाळी आणि थर यांच्यामधे सरकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट उलट्या करतो, पोट फुगतं, आणि आपण गॅस झाला म्हणून बसून राहतो. अशा वेळी सीटी लगेच.

टीमबद्दल कुणी तुला सांगणार नाही म्हणून मीच सांगतो. कन्सोलवर (रोबो चालवायच्या जागी) बसलेली असतेस तेव्हा तू स्टराइल नसतेस, पेशंटपासून चार हात लांब असतेस. इन्फिरियर एपिगॅस्ट्रिक किंवा कोरोना मॉर्टिस ह्या रक्तवाहिन्यांतून रक्त आलं, नाहीतर अनेस्थेशियावाल्यांनी सांगितलं की पल्स गेला, तर पहिलं मिनिट टेबलाजवळ उभ्या असलेल्या असिस्टंटच्या आणि सिस्टरच्या हातात आहे. कोण इन्स्ट्रुमेंट काढणार, कोण आर्म सोडवणार, कोण ओपनची ट्रे उघडणार, कोण आवाज देणार, ह्याची रंगीत तालीम पेशंट नसताना करायची, घड्याळ लावून, आणि टीममध्ये माणूस बदलला की परत करायची. आपल्याकडे ओटीच्या सिस्टर सहा महिन्यात दुसऱ्या हॉस्पिटलात जातात, असिस्टंट म्हणून ज्याची ड्युटी असेल तो पोरगा उभा राहतो. लॅपमध्ये हे कसंबसं निभतं, रोबोवर नाही निभत. रोबोच्या केसेसना तीच सिस्टर, तोच असिस्टंट, तेच अनेस्थेटिस्ट हे मॅनेजमेंटकडून लिहून घे. त्याच असिस्टंटला लॅपही शिकव, कारण बाजूच्या पोर्टमधून सक्शन आणि सुई आत-बाहेर करणारा तोच आहे. तू स्वतः पण आधी काही केसेस दुसऱ्याच्या टेबलावर असिस्टंट म्हणून उभी राहा, आर्म कुठे एकमेकांना धडकतात ते तिथेच समजतं.

जाता जाता एक, आपल्या भागातल्या पेशंटची सिकलिंग टेस्ट (सिकल सेलसाठी) तू करतच असशील, पण रोबोच्या लांबलेल्या केसमध्ये पेशंट गार पडू नये, पाणी कमी पडू नये ह्याकडे अनेस्थेटिस्टला वेगळं सांग.

फेलोशिपचं काय? एनबीईएमएस ह्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची मिनिमल ॲक्सेस (दुर्बिणीच्या) सर्जरीची एफएनबी फेलोशिप चांगली आहे, दोन वर्षांची आहे, तुला जमणार नाही, विषय संपला. आमासी, आयेजेस ह्या सर्जनांच्या संघटनांचे काही दिवसांचे कोर्स असतात, ते कर, पण त्यांनी हात बसत नाही, दिशा मिळते. तुला पाहिजे तो माणूस आहे, ज्याच्याकडे पोटाच्या भिंतीच्या केसेस भरपूर होतात आणि जो चुका तोंडावर सांगतो. मुंबई, पुणे, हैदराबाद, कुठेही. आपलं नागपूर देशाच्या मध्यावर आहे, संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबईत. महिन्यातून दोन-तीन दिवस जाऊन त्यांच्यासोबत उभी राहा, परत ये, तेच आपल्याकडे लॅपवर, सिम्युलेटरवर घोटून बघ, पुढच्या महिन्यात परत जा. सलग वर्षभर जाण्यापेक्षा असं तुकड्या-तुकड्याने शिकलेलं कमी असतं हे मला पटत नाही, उलट घरी येऊन स्वतःच्या पेशंटवर विचार करायला वेळ मिळतो. तेवढे दिवस घरी मुलीला आणि सासऱ्यांना कोण बघेल हे नवऱ्याशी बसून तारखांसकट ठरव. हा तुझा एकटीचा प्रश्न नाही, त्याने पण डायलिसिसच्या वारी सुट्टी टाकायला हवी. मग पहिल्या केसेसना त्याच माणसाला प्रॉक्टर म्हणून नागपूरला बोलाव, हॉस्पिटलच्या खर्चाने. कंपनी जो प्रॉक्टर पाठवेल तो चांगलाच असेल, पण तुझा हात ओळखणारा असला तर फरक पडतो. प्रॉक्टरला पेशंटच्या कन्सेंटमध्ये नावाने घ्या, आणि गरज पडली तर त्याने कन्सोलवर बसायचं हेही आधीच ठरवा, ड्युअल कन्सोल असेल तर फारच उत्तम.

प्रत्येक केस रेकॉर्ड कर. पेशंटचं नाव काढून तो व्हिडिओ प्रॉक्टरला पाठव आणि त्याच्याकडून गिअर्स हा गुणांचा तक्ता भरून घे. ती २०१२ पासूनची सहा मुद्द्यांची पद्धत आहे, खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ, सफाई, जोर, रोबोवरचा ताबा, आणि किती मदत लागली. गुण कमी आले तर पुढची केस एकटीने नाही. केसेसच्या संख्येवर नको जाऊ, कुणाला वीस पुरतात, कुणाला साठ. सोबत एक वही ठेव, सेरोमा (जाळीजवळ साचलेलं पाणी), दुखणं, परत उठलेला हर्निया, परत ओटीत न्यावा लागलेला पेशंट, आणि लोकांना एका वर्षाने फोन करून विचार. हर्नियाचं ऑपरेशन बरं झालं की नाही हे डिस्चार्जला कळत नाही.

मॅनेजमेंटशी बोलायला एकटी जाऊ नको, सिनियरना घेऊन जा. हो, त्याच सिनियरना, फॅड म्हणणाऱ्यांना. त्यांना रायव्हल ट्रायलचा पेपर दाखव आणि सांग सर तुम्ही जांघेबद्दल बरोबर आहात, पण पोटाच्या भिंतीसाठी मला शिकायचंय, आणि ओपन टार मला तुमच्याकडूनच शिकायचंय. बहुतेक ते तुझ्या बाजूने उभे राहतील, कारण त्यांची चिडचिड मशीनवर कमी आणि टार्गेटवर जास्त असावी असं मला तुझ्या पत्रावरून वाटतंय. मॅनेजमेंटकडून पाच गोष्टी लेखी माग: केसेसचं टार्गेट नाही, शिकण्याच्या केसेसचे जादा पैसे पेशंटला नाही, प्रॉक्टर आणि प्रवासाचा खर्च त्यांचा, टीम ठरलेली, आणि कुठली केस रोबोवर होणार नाही हे सांगायचा शेवटचा अधिकार सर्जनचा. ते म्हणतील मशीनचे हप्ते कोण भरणार. त्यांना सांग की पहिल्या दहा केसेसमध्ये एकाचं आतडं फाटलं तर ती बातमी धंतोलीतून रामदासपेठेत पोचायला संध्याकाळ होत नाही, मग हप्ते कुठून भरणार.

आणि तो ज्युनियर मुलगा. त्याच्याशी स्पर्धा करू नको, त्याला सोबत घे. त्यालाही बहुतेक कुणी विचारलेलंच नाही की तुझे स्वतःचे लॅप किती झाले. दोघं मिळून शिकलात तर एकमेकांचे असिस्टंट पक्के मिळतात, आणि मॅनेजमेंटला एकाला दुसऱ्याची भीती दाखवता येत नाही. तो नाहीच ऐकला आणि पुढच्या महिन्यात सुरू झाला तर होऊ दे, तू दोन महिने मागे राहिलीस म्हणून तुझी प्रॅक्टिस बुडत नाही.

अजून एक गोष्ट, तू विचारली नाहीस तरी सांगतो. तुझ्या वॉर्डात जे इन्सिजनल हर्निया येतात ते आपल्यासारख्यांनीच बंद केलेल्या पोटांतून येतात. लॅन्सेटमध्ये २०१५ साली स्टिच नावाची ट्रायल आली, मिडलाइन (पोटाच्या मधला उभा छेद) बंद करताना मोठे मोठे घास घेतले तर वर्षाच्या आत २१ टक्के लोकांना हर्निया, छोटे छोटे जवळ जवळ टाके घेतले तर १३ टक्के. ह्याला रोबो लागत नाही, धागा लागतो आणि चार-एक मिनिटं जास्त लागतात. आपल्याकडे मोठी सर्जरी झाली की सगळे थकलेले असतात, बॉस हातमोजे काढून बाहेर जातात आणि पोट बंद करायला सगळ्यात लहान रेसिडेंट राहतो. तुमच्या हॉस्पिटलात निदान तुझ्या केसेसमध्ये हे बदल. धाग्याची लांबी जखमेच्या चौपट तरी गेली का हे सिस्टरला मोजून लिहायला सांग. पोटाच्या भिंतीची सर्जन व्हायचं तुझ्या मनात असेल तर ह्या सोमवारपासून हे सुरू करता येतं, मशीनची वाट बघावी लागत नाही.

तेव्हा ह्या आठवड्यात रजिस्टर मोज, सिनियरना भेट, मॅनेजमेंटला ते पाच मुद्दे लिहून दे, आणि कंपनीच्या ट्रेनिंगला जायचंच असेल तर जा, फक्त परत आल्यावर केस लावायची तारीख देऊ नको. प्रॉक्टरची तारीख पक्की झाली की पहिल्या केससाठी कुठला पेशंट निवडलास ते कळव, नाव-गाव काढून, बाजू, वजन, आधीची ऑपरेशनं एवढं लिही, मी बघून सांगतो ती पहिली केस म्हणून चालेल का.